पहिली ‘ब’ची पालक प्रतिनिधी

उन्हाळ्याची सुट्टी लागली की सोसायटीतली एखादी तरी आई मला जिन्यात गाठते. “तुमची मुलगी त्या कॉन्व्हेंटला आहे ना? आम्ही ख्रिश्चन नाही, घरात इंग्रजीही कोणी बोलत नाही. निभावेल का आमचं तिथे?” उत्तर जिन्यात उभ्याने देण्याइतकं छोटं नाही, म्हणून लिहून काढते आहे. २०२३-२४ हे मुलीचं पहिलीचं वर्ष. त्या वर्षी मी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीत होते. जे झालं ते क्रमाने सांगते. शाळेचं नाव सांगणार नाही. मुंबईत मरोळच्या बाजूची, चर्चच्या आवारातली शाळा एवढं पुरे.

आधी आमच्याबद्दल. मी कराडची, मराठी माध्यमातली. सहकारी बँकेत काउंटरला असते. नवऱ्याची शिफ्ट ड्यूटी. सासरे आमच्याकडेच राहतात. मुलगी ज्युनिअर केजीपासून याच शाळेत आहे. प्रवेशाला जन्मदाखला, लसीकरणाचं कार्ड, राहण्याचा पुरावा आणि फोटो लागले होते. कॅथलिक मुलांना बाप्तिस्म्याचा दाखलाही द्यावा लागतो. त्या चर्चच्या हद्दीतली मुलं आणि आधीच शाळेत असलेल्यांची भावंडं यांचा विचार आधी होतो. यात चिडण्यासारखं काही नाही. घटनेच्या ३०व्या कलमाने अल्पसंख्याकांना स्वतःच्या संस्था चालवण्याचा हक्क आहे, त्यातूनच या शाळा उभ्या आहेत. आरटीईची, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याची २५ टक्क्यांची ऑनलाइन सोडतही त्यांना लागू नाही, सुप्रीम कोर्टाने २०१४ साली तसा निकाल दिला आहे. तेव्हा पोर्टलवर या शाळेचं नाव शोधत बसू नका. फॉर्म शाळेतच मिळतो आणि कधी मिळणार ते गेटवरच्या फळ्यावर लिहिलेलं असतं.

आमच्याकडे केजी विनाअनुदानित आहे आणि पहिलीपासून अनुदान. त्यामुळे पहिलीत फी एकदम उतरली. नवऱ्याला वाटलं पावतीच चुकली, आणि तो खिडकीवर विचारून आला.

१५ जूनला शाळा उघडली. पहिल्याच दिवशी मुलांच्या हातात ‘कॅलेंडर’ पडलं. नाव कॅलेंडर असलं तरी ती एक जाड वही असते. तिच्यात शाळेची प्रार्थना, नियम, वर्षभराच्या तारखा, सुट्टीच्या चिठ्ठ्यांची पानं आणि टीचरच्या शेऱ्यांची पानं असं सगळं असतं. माझं ऐकाल तर पहिल्या शनिवारी चहा घेऊन बसा आणि ही वही पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचा. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्री अकराला “उद्या कलर ड्रेस आहे का?” असं विचारणाऱ्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं तिच्यात छापलेली असतात. सुट्टीची चिठ्ठी इंग्रजीतच हवी असंही नाही. नवऱ्याने ‘ताप होता, दोन दिवस येऊ शकली नाही’ असं सरळ मराठीत लिहिलं आणि टीचरने खाली सही केली.

धर्माचा प्रश्न ओरिएंटेशनलाच निघाला. एका वडिलांनी जरा चढ्या आवाजातच विचारलं, “आमच्या मुलांना बायबल शिकवणार का?” हेडमिस्ट्रेस सिस्टरनी शांतपणे सांगितलं, की कॅटेकिझमच्या, म्हणजे ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या तासाला फक्त कॅथलिक मुलं जातात आणि बाकीच्यांचा त्याच वेळी मूल्यशिक्षणाचा तास असतो. हा काही शाळेचा मोठेपणा नव्हे, घटनेच्या २८व्या कलमातच ते आहे. सरकारी मान्यता किंवा अनुदान असलेल्या संस्थेत पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धर्मशिक्षणाला बसवता येत नाही. असेंब्लीची प्रार्थना मात्र सगळे म्हणतात. आमची मुलगी काही दिवस देवघरासमोरही क्रूसाची खूण करायची. सासरे म्हणाले, “करू दे. देव काय खुणेवर भांडतोय?” तुमच्या घरी हे चालणार नसेल तर टीचरला तसं सांगता येतं. आमच्या वर्गातल्या एका घराने सांगितलं होतं, आणि त्यावरून पुढे कोणी काही बोललं नाही.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात पालक-शिक्षक संघाचं परिपत्रक आलं. राज्याच्या २०११च्या शुल्क विनियमन कायद्याप्रमाणे शाळा सुरू झाल्यापासून तीस दिवसांत हा संघ स्थापन करावा लागतो. प्रत्येक पालक आपोआप सभासद होतो, शहरी भागात वर्षाची वर्गणी ५० रुपये. कार्यकारी समितीवर मुख्याध्यापक अध्यक्ष, एक पालक उपाध्यक्ष, एक शिक्षक सचिव, दोन पालक सहसचिव आणि प्रत्येक इयत्तेतून एक पालक, एक शिक्षक. निम्म्या जागा बायकांच्या. मला सगळ्यात पटलं ते हे, की पालकांची निवड चिठ्ठ्या टाकून होते. ओळख, इंग्रजी, कोण कुठल्या गाडीतून उतरतं, यातलं काही चालत नाही. इच्छुकांनी परिपत्रकाखालची पट्टी भरून द्यायची. मी भरली ती बाकीच्या आयांनी भरली म्हणून. आपलं नाव निघेल असं काही मनात नव्हतं.

शाळेच्या हॉलमध्ये सगळ्यांसमोर चौथीतल्या एका मुलाने बरणीतून चिठ्ठ्या काढल्या. पहिलीच्या बरणीतून माझी निघाली. मी ‘ब’ तुकडीची, त्यामुळे तेव्हापासून मला सगळे पहिली ‘ब’ची प्रतिनिधी म्हणतात, काम मात्र तिन्ही तुकड्यांचं. टाळ्या झाल्या आणि माझ्या पोटात गोळा आला. बँकेत दिवसभर लोकांशी बोलते, पण तिथे माझ्या आणि त्यांच्यामध्ये काच असते.

पहिली बैठक आठवड्याच्या मधल्या वारी सकाळी अकराला. यावर माझी तक्रार तेव्हाही होती आणि आजही आहे. या वेळेला नोकरी करणारी आई अर्धी रजा टाकून येते आणि वडील येतच नाहीत. समितीवरचे बरेचसे बाबा वर्षभर मला यादीतच भेटले. बैठक इंग्रजीत सुरू झाली. मुलांची व्हॅन गेटसमोर उलटी वळते आणि तेवढ्यात पायी येणारी मुलं मागे अडकतात, हे मला बोलायचं होतं. दोनदा वाक्य मनात जुळवलं, मग सरळ मराठीत बोलले. उपाध्यक्ष बाई गावठाणातल्या, ईस्ट इंडियन. त्यांनी मराठीतच विचारलं, “कुठल्या बाजूच्या व्हॅना? चर्चच्या की बाजाराच्या?” आणि अर्धी बैठक तिथून पुढे मराठीत झाली. ईस्ट इंडियन म्हणजे मुंबई-ठाणे-वसईचे मूळचे कॅथलिक. घरात मराठीच बोलतात, गावठाणात पिढ्यान् पिढ्या राहतात. मी मात्र मनात सगळ्या कॅथलिकांना गोव्याला नेऊन बसवलं होतं. व्हॅनचा विषय शाळेच्या परिवहन समितीकडे गेला आणि ऑगस्टपासून व्हॅन बाजाराच्या बाजूला थांबायला लागल्या.

एक सवय लावून घ्या. बैठकीचं इतिवृत्त सचिव टीचर लिहितात. पुढच्या बैठकीत ते वाचून कायम होतं, तेव्हा लक्ष देऊन ऐका आणि आपला मुद्दा त्यात नसेल तर तिथल्या तिथे सांगा. इतिवृत्तात नसलेला मुद्दा पुढच्या बैठकीत कोणाला आठवत नाही.

२६ जुलैला आजी-आजोबा दिवस होता. तारीख अशी का, तर त्या दिवशी संत ॲना आणि संत जोकिम यांचा सण असतो. परंपरेने ते मारियेचे आईवडील, म्हणजे येशूचे आजी-आजोबा. पोप फ्रान्सिस यांनी २०२१ पासून जुलैचा चौथा रविवार जगभर आजी-आजोबांसाठी ठरवून दिला, पण आमची शाळा २६ तारीखच धरते. मुंबईकराला २६ जुलै म्हटलं की दुसरंच आठवतं. सासरे इस्त्रीचा सदरा घालून गेले. बाहेर पाऊस कोसळत होता. मुलांची गाणी आणि खुर्च्यांचा खेळ झाल्यावर चहाच्या वेळी सगळ्या म्हाताऱ्यांचा विषय एकच, २००५ साली कोण कुठे अडकलं होतं. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता त्या दिवशी. एक आजी विद्यापीठाच्या कलिना आवारात रात्रभर होत्या, एक आजोबा साकीनाक्याहून छातीभर पाण्यातून चालत आले होते. सासरे तेव्हा कराडला होते, सांगायला काही नाही म्हणून ते नुसते ऐकत बसले, आणि घरी आल्यावर आम्हाला सगळ्यांच्या हकिकती सांगितल्या. त्याच संध्याकाळी पालिकेने दुसऱ्या दिवशी शाळांना सुट्टी जाहीर केली. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना या दिवशी जरूर पाठवा. पुढे वर्षभर गेटवरचा वॉचमन सासऱ्यांना “आजोबा, या” म्हणून आत घ्यायचा.

ऑगस्ट-सप्टेंबर भरभर गेले. ८ सप्टेंबरला मारियेचा जन्मोत्सव, मुलांनी फुलं नेली. त्यानंतरच्या रविवारपासून वांद्र्याची जत्रा. समितीकडून एकच मागणी गेली, की गणपतीच्या पाच दिवसांत आणि गौरी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी परीक्षा नको, बरीच मुलं कोकणात असतात. सिस्टरनी कॅलेंडर उघडलं, पेन्सिलने तारीख खोडली, पुढे लिहिली. झालं.

फीची बैठक दिवाळीच्या आधी झाली. पुढच्या वर्षाच्या फीचा प्रस्ताव व्यवस्थापनाने सहा महिने आधी समितीपुढे ठेवायचा असतो आणि ठरलेली फी दोन शैक्षणिक वर्षं बदलता येत नाही. अनुदानित वर्गांच्या बाबतीत वाद घालण्यासारखं थोडंच होतं. प्रश्न होता केजीचा, कारण तिथल्या शिक्षिकांचे पगार पूर्ण फीतून निघतात. इथे मात्र बँकेची नोकरी कामाला आली. ताळेबंद आदल्या आठवड्यात मागून घेतला, घरी बसून वाचला, आणि ‘इतर खर्च’ या एका ओळीत काय काय आहे ते विचारलं. त्यात इमारतीच्या दुरुस्तीचा हप्ता होता. तो वेगळा दाखवायचं ठरलं आणि वाढीचा आकडा थोडा खाली आला. भांडण काही झालं नाही. बैठकीत टेबलावर ठेवलेले कागद तिथल्या तिथे वाचून कोणालाच काही समजत नाही, म्हणून ते आधी मागा. मागितले तर देतात.

आता फेट, म्हणजे शाळेची खाण्या-खेळांची जत्रा. हे सगळ्यात मोठं प्रकरण. शाळेच्या मैदानावर दर वर्षी डिसेंबरात भरते आणि तिचे पैसे ज्या घरांना फी झेपत नाही त्या मुलांसाठी जातात. तारीख ठरली शनिवार, ९ डिसेंबर, दुपारी चार ते रात्री नऊ. प्रत्येक इयत्तेचा एक स्टॉल. नोव्हेंबरभर माझ्या फोनची बॅटरी संध्याकाळपर्यंत टिकली नाही.

पहिला वाद खाण्याचा. गावठाणातल्या बायका फुगे, म्हणजे आंबवलेल्या पिठाचे तळलेले गोळे, आणि सोरपोतेल आणणार होत्या. सोरपोतेल म्हणजे डुकराचं मांस. आमच्या वर्गात जैन घरं आहेत, मुसलमान घरं आहेत, आणि श्रावण संपला तरी शनिवार पाळणारी आमच्यासारखी मराठी घरंही आहेत. एका बाबांनी लिहिलं, शाळेत नॉनव्हेज कशाला हवं? त्यावर गावठाणातल्या एका बाईंनी लिहिलं, चर्चच्या मैदानावर आमच्याच सणाचं जेवण नको म्हणता का? दोघांचंही चुकलं असं मला वाटलं नाही. ग्रुपवर हे मिटणार नव्हतं, म्हणून उपाध्यक्ष बाई आणि मी एका संध्याकाळी मैदानात उभ्या राहिलो आणि जागा आखली. स्टेजच्या बाजूला शाकाहारी, चर्चच्या भिंतीकडे मांसाहारी, मधे खेळ आणि हाउजी. तेल वेगळं, झारे वेगळे, वाढणारी माणसं वेगळी, प्रत्येक स्टॉलवर मोठ्या अक्षरात पाटी. हाच नकाशा ग्रुपवर टाकला. ज्या बाबांनी आक्षेप घेतला होता त्यांनी पाट्या छापून आणल्या.

परवानग्या म्हणाल तर लाउडस्पीकरसाठी पोलीस ठाण्यात अर्ज द्यावा लागतो, शाळेच्या लेटरहेडवर, कार्यक्रमाची वेळ आणि जबाबदार माणसाचा फोन लिहून. दोन प्रती न्या आणि एकीवर पोच घ्या. आमच्या अर्जाला बरेच दिवस लागले, म्हणून तीन आठवडे आधी सुरुवात करा. रात्री दहानंतर आवाज चालत नाही, आम्ही नऊलाच बंद करणार होतो. बाहेरून आलेल्या आइसक्रीमवाल्याकडून एफएसएसएआय, म्हणजे अन्नसुरक्षेच्या नोंदणीची प्रत घेतली. छोट्या विक्रेत्याला ती तेव्हा वर्षाला १०० रुपयांत मिळायची, त्यामुळे नाही म्हणायचं कारण नव्हतं. थर्माकोल आणि प्लास्टिकच्या प्लेट्स राज्यात २०१८ पासून बंद आहेत. सुपारीच्या पानांच्या प्लेट्स आम्हाला घाऊक बाजारात साडेतीन रुपयांना एक पडल्या. मैदानात गॅसच्या शेगड्या एकाच कोपऱ्यात लावायच्या, अशी शाळेची अट होती आणि ती योग्यच आहे.

पहिलीचा स्टॉल कोथिंबीर वडीचा. दर घरामागे १५० रुपये काढले. वड्यांचे उंडे आम्ही घरूनच उकडून आणले, तिथे फक्त कापायचे आणि तळायचे. शेजारच्या कढईत फुगे, फक्त तेल निराळं. आंबवलेलं पीठ मुठीतून पिळायचं आणि अंगठ्याशी आलेला गोळा तेलात सोडायचा. मी एकदा करून पाहिला तर त्याला शेपूट आली. त्या बाईंनी तो उचलून स्वतःच खाल्ला आणि म्हणाल्या, “हा विकायचा नाय गो.” नवरा रात्रपाळी करून आला होता, तरी वायरी ओढायला उभा. इतर वडीलही सगळे हजर, खुर्च्या उचलणं, लाइट लावणं, पाण्याचे जार आणणं. बैठकीला न दिसणारे पुरुष कामाला दिसतात. बैठका शनिवारी ठेवल्या तर तिथेही दिसतील, हे मी इतिवृत्तात लिहून घेतलं आहे.

सातच्या सुमारास वड्या संपल्या. पैसे मोजताना मी बँकेतली पद्धत लावली, दोघांनी वेगवेगळं मोजायचं आणि मग एकमेकींच्या कागदावर सही करायची. कुपनं, रोख आणि यूपीआय तिन्ही वेगळे. साडेनऊला हिशोब लागला. घरी आल्यावर केसांना तळणाचा वास, आणि मुलगी फुगा न धुतलेल्या हातात धरूनच झोपलेली.

नाताळच्या आधी वर्गात गव्हाणी, म्हणजे येशूजन्माचा देखावा झाला, पेंढा आम्ही आरे कॉलनीतल्या एका तबेल्यातून आणला. दिवाळीत आमच्याकडून चकल्या गेल्या होत्या, आता कॅथलिक घरांतून कलकल आणि नेवऱ्या आल्या.

१४ फेब्रुवारीला राखेचा बुधवार होता, तिथून ईस्टरपर्यंत उपवासकाळ. त्या काळात शाळेत प्रत्येक मुलाने आठवड्याला मूठभर तांदूळ आणायचे आणि पिंपात टाकायचे, ते नंतर गरजू घरांना जातात. मुलीने हे घरी सांगितल्यावर सासरे ताठ बसले. ते रयतच्या शाळेत शिकलेले. कर्मवीर भाऊराव पाटलांचा मुष्टिफंड त्यांनी आजीकडून ऐकलेला, दळायला बसताना बाई एक मूठ धान्य बाजूला काढायची आणि ते मुलांच्या वसतिगृहाला जायचं. पुढचे सगळे आठवडे तांदूळ त्यांनीच पिशवीत बांधून दिले, आणि मूठ त्यांची असायची, मुलीची नाही. टीचरने विचारलं, “इतके?” मी म्हटलं, आजोबांचा हात मोठा आहे.

२७ फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनाचं काम साहजिकच माझ्याकडे आलं. २०२० च्या कायद्यानंतर मराठी सगळ्या शाळांत सक्तीची झाली, आणि वर्गात मंगळुरी, मल्याळी, उत्तर भारतीय घरं भरपूर. त्या आयांना ‘ळ’ आणि ‘ण’ घरी शिकवता येत नाहीत. मग शनिवारी तासभर चर्चच्या पॅरिश हॉलमध्ये बसायला लागलो, आया आणि मुलं एकत्र. हॉलसाठी फादरना साधी चिठ्ठी दिली होती, भाडं घेतलं नाही, पंखे बंद करून जा एवढंच सांगितलं. आईने चुकीचं वाचलं की मुलं खूश. मल्याळी आई ‘ळ’ माझ्यापेक्षा चांगला म्हणते हे पहिल्याच शनिवारी कळलं, तिची अडचण फक्त अक्षर ओळखण्याची होती.

मार्च-एप्रिलमध्ये धावपळ झाली ती निवडणुकीमुळे. मुंबईचं मतदान २० मेला होतं, आणि अनुदानित शाळेतल्या शिक्षकांना त्याचं काम लागतं. टीचर प्रशिक्षणाला गेल्या की वर्ग जोडले जायचे. दोन दिवस पहिलीच्या मुलांना गोष्टी सांगायला पालक हवेत असं परिपत्रक आलं. सासरे गेले. काय सांगितलं ते मला अजून नीट कळलेलं नाही, पण मुलं आता त्यांना रस्त्यात थांबवून वाघाचं पुढे काय झालं ते विचारतात.

निकालाच्या दिवशी मी माझी फाइल शाळेच्या ऑफिसात ठेवली. तिच्यात पोलीस ठाण्याच्या अर्जाचा नमुना, मैदानाचा नकाशा, प्लेट्सच्या दुकानाचं कार्ड, स्टॉलचा खर्च आणि शनिवारच्या वर्गाचे कागद आहेत. जुलैत ज्यांची चिठ्ठी निघेल त्यांनी ती क्लार्ककडे मागून घ्यावी. आणि वर्गणीचे ५० रुपये सुटे न्या, त्या खिडकीवर अजून क्यूआर कोड लागलेला नाही.